डोकेदुखीला डॉक्टर नक्की तपासतात तरी काय? (सातशे रुपये दिले आणि वही घेऊन आलो)

हळदीचा दिवाणजी | १६ ऑक्टोबर, रात्री ९:५२

मंडळी, सल्ला हवाय. खरं सांगायचं तर थोडा रागही काढायचाय.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघतो. वय ४६. डोकेदुखी बावीस-तेवीस वर्षांपासून सोबतीला आहे. कपाळ, डावं कानशील, कधी डोळ्याच्या मागे. घरात सगळे 'सायनस' म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. एक्सरे दोनदा काढून झाला. एकानं नाकाचं हाड वाकडं आहे, ऑपरेशन कर म्हणून सांगितलं, ते मी केलं नाही. चष्मा तीनदा बदलला. गोळी कायम खिशात. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला मला लांबून येताना बघतो आणि पाकीट काढून ठेवतो.

यंदा नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरले. सातव्या माळेला एवढं डोकं उठलं की सौदे चालू असताना मागं पोत्यांवर जाऊन आडवा झालो. मालक म्हणाले, "आधी डोकं दाखवून या, मग हिशेब." म्हणून मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो.

तिथं पस्तीस मिनिटं नुसते प्रश्न. किती तास टिकतं, ठणकतं की आवळतं, दुखत असताना जिना चढला तर वाढतं का, उलटी होते का, उजेड नको वाटतो का, झोपेतून जागं करतं का, आईला होतं का. महिन्यात किती दिवस डोकं दुखत *नाही*? याचं मला उत्तरच देता येईना. मग बीपी बघितलं, बॅटरीसारखं यंत्र डोळ्याला लावून आत बघितलं, मान पुढं वाकवली, कानशिलं दाबली, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि टाचेला पंजा लावत एका रेषेवर चालायला लावलं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला लावतात तसं.

आणि शेवटी? स्कॅन नाही, रक्त नाही. एक वही लिहायला सांगितली. वर माझी गोळी बंद! रात्री घ्यायची एक नवीन लिहून दिली, आणि दुसरी फक्त जोराचं दुखलं तर, तीही आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही.

आता मला सांगा, डोकं दुखणाऱ्या माणसाची डोकेदुखीची गोळी बंद करणं हा कुठला उपचार? आणि स्कॅन न करता आत काय आहे ते यांना कळलं कसं?


आयर्विनचा कठडा | १६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

पस्तीस मिनिटं? डॉक्टर नवीन दिसतात. पेशंट वाढले की दोन मिनिटांवर येतील.


भडंगवाली | १६ ऑक्टोबर, रात्री १०:११

सातशे रुपयांत पस्तीस मिनिटं ऐकून घेणारा माणूस मिळाला, अजून काय पाहिजे? आमच्या घरात फुकटसुद्धा कुणी ऐकत नाही.


तासगावचा बेदाणा | १६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

दिवाणजी, थट्टा सोडा आणि एमआरआय करून घ्या. सांगतो का ते.

आमची चुलत भावजय बाळंत झाली. विसाव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. घरच्या बायका म्हणाल्या वारं लागलं. कानात कापूस, डोक्याला फडकं, शेक, धुरी. तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी दुखायची गोळी दिली. जागरणानं दुखतंय म्हणाले. पाचव्या दिवशी पहाटे तिला फिट आली. गाडी काढून पळवली. तिथं शिरांचा फोटो काढल्यावर कळलं, मेंदूतलं रक्त परत घेऊन जाणाऱ्या शिरेत गुठळी झालेली. रक्त पातळ करायचं औषध दिलं, वाचली. आता पोरगं शाळेत जातंय.

पण त्या पाच दिवसांत एकानंसुद्धा फोटो काढा म्हटलं नव्हतं. तवापासनं आपलं मत एकच. डोकं दुखलं की आधी फोटो.


साताऱ्याचा स्टेथो | १६ ऑक्टोबर, रात्री ११:५८

साताऱ्यात फिजिशियन आहे. इथं कुणाचं निदान करणार नाही. पण 'तपासलं तरी काय' हा प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही ओपीडीत त्याचं उत्तर द्यायला वेळ काढत नाही, म्हणून लिहितो.

डोकं दुखतं तेव्हा मेंदू दुखत नसतो. मेंदूच्या गराला वेदना कळतच नाही. दुखतात ती त्याच्यावरची आवरणं, रक्तवाहिन्या, डोक्याचे नि मानेचे स्नायू. त्यामुळे पेशंट भिंतीला डोकं लावून बसलेला असतो आणि त्याचा एमआरआय अगदी देखणा येतो. मायग्रेन म्हणजे आपली अर्धशिशी फोटोत दिसत नाही. ती प्रश्न विचारूनच सापडते.

तिचे निकष ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेची २०१८ची यादी आम्ही वापरतो. असे निदान ५ झटके येऊन गेलेले असावेत, औषध न घेता ४ ते ७२ तास टिकणारे. एका बाजूला दुखणं, ठणका, बऱ्यापैकी तीव्रता, आणि चालण्या-चढण्यानं वाढणं, या चारांपैकी दोन हवेत. शिवाय मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. आता दिवाणजींना विचारलेले प्रश्न पुन्हा वाचा. जिना त्यात उगाच आलेला नाही. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी जी ताणाची डोकेदुखी असते, तिच्यात माणूस कुरकुरत का होईना जिना चढतो. अर्धशिशीवाला पायरीवरच बसतो.

तपासणी मात्र दुसऱ्या प्रश्नासाठी: आत वेगळंच काही शिजत नाही ना? डोळ्याला लावलेलं यंत्र डोळ्यासाठी नव्हतं. कवटीत दाब वाढला की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरचा नसेचा गोल सुजतो, तो बाहेरून दिसतो. मान वाकवली ती मेंदूज्वरासाठी. आपल्याकडे क्षयाचा मेंदूज्वर फार फसवा असतो, दोन-तीन आठवडे बारीक ताप, डोकं जड, भूक नाही, एवढंच. रेषेवर चालवलं ते लहान मेंदूचा तोल बघायला. कानशिलं दाबली कारण पन्नाशीनंतर तिथल्या धमनीला सूज येऊ शकते. केस विंचरताना टाळू हुळहुळते, भाकरी चावताना जबडा भरून येतो. त्यात स्टेरॉईड लगेच सुरू केलं नाही तर नजर जाते. दिवाणजी ४६ चे आहेत आणि दुखणं तेवीस वर्षांचं आहे. तेवीस वर्षं तसंच राहिलेलं दुखणं सहसा गाठीचं नसतं, गाठ इतकी थांबत नाही.

बेदाणासाहेब, तुमच्या भावजयीच्या बाबतीत तुम्ही पूर्ण बरोबर आहात, फोटो पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता. पण तुम्हीच लिहिलेलं बघा: नुकतंच बाळंतपण, पूर्वी कधी नव्हतं असं दुखणं, उतरायचं नाव नाही. यातलं एकेक कारण घंटा वाजवायला पुरेसं आहे. आणि तिथं साधा सीटीसुद्धा काही वेळा 'नॉर्मल' येतो, शिरा दाखवणाराच फोटो लागतो. म्हणजे प्रश्न नीट विचारले नाहीत तर फोटोही चुकीचा काढला जातो.

आणखी एक सांगून थांबतो. मिनिटभराच्या आत कळसाला पोचणारी डोकेदुखी, टाळी वाजावी तशी, 'आयुष्यात असं दुखलं नव्हतं' असं माणूस म्हणतो ती. तिथं मेंदूभोवती रक्तस्राव झालाय का हे बघायला ताबडतोब सीटी. पहिल्या ६ तासांत काढला तर तो क्वचितच चुकवतो. उशीर झाला आणि सीटी स्वच्छ आला तर पाठीतलं पाणी काढून बघावं लागतं. ताप आणि मान ताठ, हातपाय लुळे, बोलणं अडखळणं, फिट, डोक्याला मार, कॅन्सर किंवा एचआयव्हीचा इतिहास, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, खोकलल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं, यांतलं काही असेल तर या धाग्यावर लिहीत बसू नका, गाडी काढा.


आयर्विनचा कठडा | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

डॉक्टरसाहेब, पटलं, पण एक सांगतो. मी तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या मनानं एमआरआय करून घेतला. साडेपाच हजार गेले. 'नॉर्मल' हा एक शब्द वाचला आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा शांत झोपलो. डोकं तेवढंच दुखतंय, पण झोप लागते. ती झोप साडेपाच हजारांना महाग नाही.


साताऱ्याचा स्टेथो | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

याला माझ्याकडे उत्तर नाही. नुसत्या भीतीपोटी स्कॅन मीही कधीकधी लिहितो.


ईएनटीचा गिऱ्हाईक | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

उलटं झालं तर? माझ्या रिपोर्टात 'सायनसच्या अस्तराला किंचित सूज' असं आलं. ती एक ओळ धरून दोन वर्षं अँटिबायोटिक, वाफ, जलनेती. नाक इतकं स्वच्छ झालं की शेजारच्यांनी काय फोडणी घातली ते सांगतो, पण डोकं जैसे थे. शेवटी मायग्रेन निघालं. त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी किंचित सूज धडधाकट माणसांतही दिसते, आणि लोक ज्याला सायनस म्हणतात त्यातलं बरंचसं मायग्रेनच असतं. मायग्रेनमध्ये नाक चोंदतं, डोळ्यातून पाणीही येतं. पिवळा-हिरवा शेंबूड, ताप, वास न येणं असं काही नसेल तर सायनसवर खापर फोडू नका म्हणाल्या.


गावचा पाहुणा | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

एवढं काय लिहिताय राव. लग्न झाल्यापासून दुखतंय का हे डॉक्टरांनी विचारलं नाही म्हणजे तपासणी अपुरी आहे. 😄


कासची कारवी | १७ ऑक्टोबर, दुपारी २:४४

आला का विनोद. वाटच बघत होते.

पाहुणे, अर्धशिशी बायकांना पुरुषांच्या साधारण तिप्पट होते. तेव्हा लग्नाचा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा ते तुम्हीच ठरवा.

माझं लिहिते. पहिला झटका अकरावीत, वर्गात. फळ्याचा एक कोपरा दिसेनासा झाला. मग तिथं एक चमकती, नागमोडी, दातेरी रेघ उमटली आणि हळूहळू पसरत गेली. वीस मिनिटांनी ती गेली आणि उजव्या बाजूला घण पडायला लागले. मला वाटलं आंधळी होणार. बाईंना वाटलं पेपर चुकवायचाय.

पुढची चौदा वर्षं हे कुणाला सांगितलंच नाही, कारण सांगण्यासारखं वाटायचं नाही. 'डोळ्यासमोर रेघ दिसते' म्हटल्यावर लोक देवऋषाचा पत्ता देतात. लग्नानंतर दर महिन्याला पाळीच्या आदल्या दिवशी ठरलेलं. अंधार करून पडायचं, शेजारी बादली. सासूबाई वाईट नाहीत, पण पाहुणे यायच्या दिवशीच कसं दुखतं हा त्यांचा प्रश्न होता. पाहुणे येणार म्हणून पहाटे चारला उठून, बारापर्यंत उपाशी, गॅसपाशी उभी असायचे ना, म्हणून त्याच दिवशी दुखायचं! हे मला तिशीत कळलं. तेही एका डॉक्टरांनी त्या दिवसाचं वेळापत्रक विचारलं म्हणून.

त्यांनी कागद पुढं केला आणि म्हणाले, रेघ काढून दाखवा. मी काढली. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "साताऱ्यात राहता आणि तटबंदी ओळखली नाहीत?" खरंच बुरूज-बुरूज असलेला तट होता तो. वैद्यकातही त्याला तटबंदीचंच नाव आहे म्हणे. याला ऑरा म्हणतात, ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो. अजिंक्यताऱ्याखाली जन्म गेला आणि माझा किल्ला मलाच ओळखू आला नाही. कुणीतरी ओळखीचं नाव दिलं म्हटल्यावर मी तिथं बसून रडले.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो आधीच्या कुणी विचारला नव्हता: पाळी नियमित करायला किंवा मूल नको म्हणून गोळ्या घेता का? घेत होते. इस्ट्रोजेनवाल्या. त्यांनी त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. ऑरावाली अर्धशिशी आणि इस्ट्रोजेनची गोळी एकत्र आली की लकव्याचा धोका वाढतो. चौदा वर्षं लपवलेली रेघ म्हणजे केवढी मोठी माहिती होती बघा.


भडंगवाली | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:०१

कारवी 🙏 माझ्या भाचीला हा धागा पाठवते आहे.


गावचा पाहुणा | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

चुकलं. विनोद मागे घेतो.


काउंटरच्या आतून | १७ ऑक्टोबर, रात्री ९:३३

मी मेडिकल चालवतो. (दिवाणजींचं नव्हे. बहुतेक.)

'ती डोकेदुखीची द्या' म्हणून जी मागतात, तिच्यात बऱ्याचदा एकच औषध नसतं. अर्गोटामाईन, कॅफीन, पॅरासिटामॉल, आणि उलटीचं औषध, सगळं एकात. लगेच गुण येतो, म्हणूनच तिची सवय लागते. अर्गोटामाईन रक्तवाहिन्या आकसवतं. हृदयविकार, वाढलेलं बीपी, गरोदरपण यांत ती चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकं चालू असताना घेतली तर हातापायाची बोटं काळीनिळी पडण्यापर्यंत वेळ येते. घशासाठी एका डॉक्टरांची चिठ्ठी, डोक्यासाठी स्वतःची डॉक्टरकी, दोन्ही एकाच पिशवीत. असं गिऱ्हाईक मी स्वतः दोनदा परत पाठवलंय.

'बाकीच्या वेळी चिठ्ठीशिवाय का देता' हे विचारणार असाल तर विचारा. मी नाही दिली तर रस्त्यापलीकडचा देतो.


साताऱ्याचा स्टेथो | १७ ऑक्टोबर, रात्री १०:१५

प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद, कारणाबद्दल नाही.

दिवाणजी, तुमच्या खऱ्या तक्रारीकडे येतो. दुखण्याची गोळीच डोकं दुखवू शकते. महिन्यातून १० दिवस किंवा जास्त अशी मिश्र गोळी, किंवा १५ दिवस साधी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन वगैरे, असं तीन महिन्यांवर चाललं की अर्धशिशीचा माणूस 'रोजच थोडं दुखतं' या अवस्थेत जातो. सकाळी उठल्याबरोबर दुखतं, गोळीनं चार तास थांबतं, गोळी उतरली की परत. यावर इलाज ती गोळी थांबवणं हाच. पहिले काही दिवस, कधी आठवडा-दहा दिवस, आधीपेक्षा जास्त दुखतं. हे पेशंटला आधी सांगितलं नाही तर तो चौथ्या दिवशी डॉक्टरला शिव्या देत मेडिकलकडे जातो.

रात्रीची गोळी झटके कमी करायची असते, चालू दुखणं थांबवायची नाही. अमिट्रिप्टिलिन, प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, टोपिरामेट अशी बरीच आहेत. माणूस बघून निवडतात. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, मूतखडा होत असेल तर टोपिरामेट नको, आधीच उदास असेल किंवा वजन वाढत असेल तर फ्लुनारिझिन नको. गुण कळायला सहा-आठ आठवडे जातात. झटक्याच्या वेळची गोळी मात्र लवकर घ्यायची, डोकं पूर्ण चढल्यावर नाही, कारण झटक्यात पोटही मंदावतं आणि गोळी तिथंच पडून राहते. नेप्रोक्सेन, उलटीचं औषध, लागलं तर सुमाट्रिप्टान. ट्रिप्टान हृदयाच्या पेशंटला चालत नाही, आणि अर्गोटामाईन घेतल्यावर २४ तासांत तर मुळीच नाही.


पिंपळपान | १८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

मायग्रेन हे साहेबानं दिलेलं नाव. सुश्रुतसंहितेत अकरा शिरोरोग सांगितलेत, त्यात अर्धावभेदक म्हणजेच अर्धशिशी. सूर्यावर्तही आहे, सूर्य चढेल तसं चढणारं आणि मावळतीला उतरणारं. आमची आजी सूर्योदयाच्या आत गरम दुधात जिलेबी बुडवून द्यायची.


आयर्विनचा कठडा | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

दोन्ही बाजूंनी दुखत असेल तर डबल प्लेट घ्यावी का?


साताऱ्याचा स्टेथो | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

रिकाम्या पोटी अर्धशिशी उठणाऱ्याला पहाटे काहीतरी खायला मिळतं, एवढं त्यात असू शकेल. मधुमेह असेल तर कृपा करा. सूर्यावर्ताचं वर्णन मात्र मला फार आवडतं, आजही तसे पेशंट येतात.


जुना मिरजकर | १८ ऑक्टोबर, सकाळी ११:२५

थोडं विषयांतर. डोकं, हाड, पोट, काहीही दुखलं की मिरज गाठायची सवय आजची नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल १८९४ मध्ये उघडलं. माझ्या लहानपणी रेल्वेनं कर्नाटकातून पेशंट उतरायचे आणि स्टेशनबाहेर टांगेवाले विचारायचे, "कुठल्या डॉक्टरकडं?" 'कुठं जायचंय' हा प्रश्नच नसायचा. एकीकडं दवाखाने, दुसरीकडं सतारमेकर गल्ली. एका गल्लीत माणसाच्या तारा जुळवायच्या, दुसरीत भोपळ्याच्या.


शंभर फुटी | १८ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

बीपीनं डोकं दुखतं ना? वडिलांचं १५०/९० असलं की ते डोक्याला फडकं बांधून बसतात.


साताऱ्याचा स्टेथो | १८ ऑक्टोबर, दुपारी १:३५

१५०/९० नं सहसा नाही. १८०/१२० च्या वर गेलं की होऊ शकतं. बहुतेक वेळा उलटंच असतं, डोकं दुखतंय म्हणून बीपी चढलेलं. गोळ्या चालू ठेवा, पण डोकेदुखीचं कारण दुसरीकडे शोधा.


तासगावचा बेदाणा | १९ ऑक्टोबर, रात्री ८:२०

आमच्या भागातली एक डोकेदुखी डॉक्टरांच्या यादीत नसंल. आता द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटण्या चालू हायत. काडी एकसारखी फुटावी म्हणून तिच्यावरच्या डोळ्यांना, म्हंजे कोंब फुटायच्या जागंला, पेस्ट लावत्यात, त्यात हायड्रोजन सायनामाईड असतंय. पेस्ट लावून माणूस संध्याकाळी एक क्वार्टर जरी प्याला, तरी तोंड लालबुंद, छाती धडधड, डोकं फुटायची पाळी. आमच्या एका गड्याला भूतबाधा म्हणून बसवलेला. बाटलीवरच लिहिलेलं असतंय, आधी आणि नंतरचे काही दिवस दारू नको म्हणून. वाचतंय कोण.


साताऱ्याचा स्टेथो | १९ ऑक्टोबर, रात्री ९:००

खरं आहे. ते रसायन दारू पचवण्याची साखळी मधेच अडवतं, विषारी अल्डिहाईड साठतं. म्हणूनच 'काम काय करता' हा प्रश्न विचारायचा असतो. साताऱ्यात मी तो विसरतो, तासगावात विसरलो असतो तर फसलो असतो.


कृष्णामाईची लेक | २० ऑक्टोबर, सकाळी १०:४८

धागा आत्ताच वाचला. मला डोक्यावरून अंघोळ केली की हमखास दुखतं, शुक्रवार ठरलेला. असं कुणाला होतं का? घरात सगळे हसतात.


कासची कारवी | २० ऑक्टोबर, सकाळी ११:१०

होतं! मलाही. मी रात्री न्हाणं बंद केलं, ओले केस बांधणंही बंद केलं.


साताऱ्याचा स्टेथो | २० ऑक्टोबर, दुपारी १:१५

हसू नका म्हणावं. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी न्हाण्यामुळे अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापली आहेत. पाश्चात्य पुस्तकांत हे कारण फारसं नसायचं.

पण आधी एक सांगा. पाणी कशावर तापवता?


कृष्णामाईची लेक | २० ऑक्टोबर, दुपारी १:४०

गॅस गीझर. बाथरूममध्येच आहे. का हो?


साताऱ्याचा स्टेथो | २० ऑक्टोबर, दुपारी १:४४

खिडकी? आणि अंघोळीनंतर घरात अजून कुणाचं डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं?


कृष्णामाईची लेक | २० ऑक्टोबर, दुपारी २:०२

खिडकी आहे, पण मागच्या बाजूनं डास येतात म्हणून प्लास्टिक लावलंय. धाकट्याला गेल्या शुक्रवारी चक्कर आली होती, आम्हाला वाटलं नाश्ता केला नव्हता म्हणून. मी केस धुवायला अर्धा तास घेते.


साताऱ्याचा स्टेथो | २० ऑक्टोबर, दुपारी २:०५

आजपासून तो गीझर वापरू नका. पाणी स्वयंपाकघरात, खिडकी उघडी ठेवून तापवा. बंद जागेत गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. पहिलं लक्षण डोकेदुखी, दुसरं चक्कर, आणि पुढं माणूस कडी लावलेल्या बाथरूममध्ये पडतो. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र यात फसतं, आकडा चांगला दाखवतं. रक्ताची वेगळी तपासणी असते. धाकट्याला डॉक्टरांना दाखवा आणि गीझरचं आवर्जून सांगा.


भडंगवाली | २० ऑक्टोबर, दुपारी २:२०

अंगावर काटा आला. आमच्याही बाथरूममध्ये आहे. उठले, खिडकी उघडली, मग हे लिहिलं.


हळदीचा दिवाणजी | २३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

धागा मीच काढला आणि गायब झालो, माफी असावी. गोळी बंद केल्यावर पहिले नऊ दिवस मोबाईलकडं बघवत नव्हतं. पाचव्या दिवशी रात्री साडेदहाला चप्पल घालून मेडिकलपर्यंत गेलो होतो. शटर अर्धं खाली होतं. तेवढ्यात बायको मागून आली आणि काही न बोलता घरी घेऊन गेली.

आता हिशेब. मी दिवाणजी माणूस, वही म्हटल्यावर वहीच केली, जमा-खर्च दोन बाजूंची. आधी मेडिकलची उधारी काढली. सप्टेंबरात २९ गोळ्या. मला विचारलं असतं तर आठ-दहा सांगितलं असतं, आणि शपथेवर सांगितलं असतं! डॉक्टरांनी 'दुखत नाही असे दिवस' का विचारले ते तिथं कळलं. दुखण्याचे दिवस मी मोजतच नव्हतो, फक्त पडून राहायचे दिवस मोजत होतो.

गेले तीस दिवस: डोकं दुखलं ११ दिवस, त्यातले पहिले नऊ तर गोळी सोडल्याचेच म्हणायचे. त्यानंतर दोनच. एक एकादशीला. दुसरा रविवारी, आणि रविवारचं वहीतच सापडलं. रोज सहाला पहिला चहा, नि पेढीवर अकरापर्यंत आणखी तीन. रविवारी नऊला उठतो आणि दहाला पहिला चहा. चहाच्या तलफेनं डोकं दुखतं हे बायको वीस वर्षं सांगत होती. तिची फी नव्हती, म्हणून ऐकलं नाही.

तक्रारही आहे. रात्रीच्या गोळीनं तोंड कोरडं पडतं आणि सकाळी सौद्याच्या वेळी डोळे जड होतात. परवा क्विंटलचा आकडा चुकलो, मालकांनी बघितलं. पुढच्या आठवड्यात दाखवायला जायचंय, तेव्हा सांगणार. एमआरआय अजून केलेला नाही. बेदाणाशेठ, तुमची गोष्ट वाचल्यापासून मनात येतं मात्र.

आणि सातशे जास्तच आहेत, यावर मी ठाम आहे.


तासगावचा बेदाणा | २३ नोव्हेंबर, रात्री १०:५१

मनात येतंय तर डॉक्टरला त्येच विचारा. वहीत लिवून न्या, न्हाईतर तिथं गेल्यावर इसरताय.


काउंटरच्या आतून | २३ नोव्हेंबर, रात्री ११:०२

अर्धं शटर? साडेदहाला? दिवाणजी, ते आमचंच दुकान असावं.


हळदीचा दिवाणजी | २३ नोव्हेंबर, रात्री ११:०६

उधारी मिटवली आहे. पावती आहे माझ्याकडं.


कृष्णामाईची लेक | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

गीझर मागच्या गॅलरीत उघड्यावर लावून घेतला. पाइप आणि फिटिंग धरून बाराशे. चार शुक्रवार न्हाले, तीनदा काही नाही. परवाच्या शुक्रवारी परत दुखलं. म्हणजे मला दोन्हीही असणार. वही सुरू केली आहे.